मूळची फट

आमच्या दवाखान्यात काउंटरवर आलेला माणूस आधी नाव सांगतो, मग गाल धरतो, मग आधीच्या डॉक्टरला नावं ठेवतो. हा माणूस आधी उजवा हात पालथा करून तोंडासमोर धरायचा आणि त्याच्यावर एक बारीक फुंकर मारायचा. मग डोळे मिटून क्षणभर थांबायचा आणि त्यानंतरच बोलायचा.

“थांबा ताई. आधी वारं बघू द्या.”

पहिल्या दिवशी मला वाटलं, सकाळी साडेदहालाच घेऊन आलाय की काय! मी नाक पुढे करून वासही घेतला. वास तंबाखूचा होता, दुसरा कसला नव्हता.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. पेशंटचं नाव बाहेर काढायचं नाही हा दवाखान्याचा नियम आहे आणि तो सगळ्यांना ऐकवणारी मीच आहे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, तुम्हीही म्हणा. असा एखादा मामा तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला बडबड्या समजतो, अर्धं बोलणं कानाआड करतो, आणि नेमकं कामाचं ते त्याच अर्ध्यात असतं.

माझं म्हणाल, तर अंबडच्या या दातांच्या दवाखान्यात मला चौदा वर्षं झाली. केसपेपर लिहायचे, हत्यारं उकळायची, डॉक्टरांच्या हातात हवं ते द्यायचं आणि रडणाऱ्याला गप्प करायचं, ही माझी कामं. माझं अक्षर सुरेख आहे आणि तोंड फटकळ आहे. दोन्ही गोष्टी गावाला ठाऊक आहेत. दात सरळ करणाऱ्या मॅडम दर गुरुवारी जालन्याहून येतात. त्यांच्याकडे बहुतेक कॉलेजच्या पोरी येतात. पन्नाशीच्या पुढचा, धोतर नेसलेला, बगलेत साडीच्या कापडाची पिशवी धरलेला माणूस त्या रांगेत मी पहिल्यांदाच पाहिला.

आषाढातल्या लग्नतिथी नुकत्याच संपल्या होत्या. मामा कुंभार पिंपळगावहून दोन गाड्या बदलून आले होते.

“काय त्रास आहे?” मी केसपेपर ओढून विचारलं.

त्यांनी फुंकर मारली, वारं बघितलं आणि सुरू झाले ते थांबेचनात. बाप मेंढरं राखायचा, पावा वाजवायचा. बापाच्या मांडीवर बसून हे फुंकायला शिकले. मग मेंढरं गेली, थोडं रान आलं आणि हे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायला लागले, त्याला तीस वर्षं झाली. बगलेतल्या पिशवीत तेच होतं.

“आन् ह्या साली अंकुशनगरला वरात होती. मी सूर लावला तर मधीच पत्ती घसरली. ही बघा, तोंडाला लावायची पत्ती. निस्तं वारं, फुस्स! पोरं हासली. घोड्यावरचा नवरदेव बी हासला. दात हालून राह्यलेत ताई, पुढं आल्यात. त्यांच्यावर तोंड बसंना.”

“म्हणजे दात हलतात आणि फटी पडल्यात,” मी लिहायला लागले. मागे दहा माणसं खोळंबली होती.

“बराबर. पर मधली फट हाय ना, ह्या दोन दातांतली, ती जल्मापासूनची हाय. आई म्हणायची, फटीचा माणूस नशीबवान. त्याच फटीवर मी तोंड बसवलंय. आता मोठी झालीय ती मूळच्याएवढी करा. बाजूला नव्या पडल्यात त्या बिलकुल घालवा. पर मूळची राहू द्या.”

हे मी ऐकलं. ऐकलंच नाही असं म्हणायची सोय मला नाही. पण दातांच्या दवाखान्यात येऊन कुणी फट राहू द्या म्हणतं का? आणि माझ्या स्वतःच्या बहिणीचं लग्न फटीपायी दोनदा मोडलेलं. मी मनात म्हटलं, हा आपला गप्पिष्ट माणूस आहे, मला काय कळत नाही होय! आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पुढच्या दातांमधील सर्व फटी बंद करणे.’

केसपेपर त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो हातात धरला, बराच वेळ बघितला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली. मी पुढचा नंबर पुकारला.

मॅडमनी तपासलं. तंबाखूने आणि दुर्लक्षाने हिरड्या खराब झाल्या होत्या, त्यामुळे दातांचा आधार सैल होऊन पुढचे दात पंख्यासारखे पसरले होते. आधी हिरड्या नीट करायच्या, मग तारा लावून दात मागे आणायचे, असं मॅडमनी सांगितलं. आठ-दहा महिने तरी लागतील.

“तुळशीच्या लग्नापस्तोर होऊन जाईल का?” मामा म्हणाले.

“मामा, चार महिन्यांत?”

“बँडचा मास्तर म्हणलाय, तुळशीच्या लग्नापस्तोर तोंड बसलं तर बरं, न्हाई तर तुझ्या जागी कॅशिओवाला घेतो. आजकाल समद्यांना ती बटणांची पेटी, कॅशिओच पायजे. तीस वर्सं झाली मॅडम, मी त्या जागेवर उभा हाय. दुसरं मला काय येतं?”

हे त्यांनी रडगाणं गायल्यासारखं सांगितलं नाही. पण पिशवीवरची बोटं मी पाहिली. कापडावरूनच ती क्लॅरनेटच्या कळा दाबत होती.

मॅडमनी त्याच वर्षी एक मशीन घेतलं होतं. चहाच्या डब्याएवढं, त्याला पेनासारखी कांडी आणि कांडीच्या टोकाला लाल ठिपका. त्याला हलक्या ताकदीचा लेझर म्हणतात. मॅडमनी समजावून सांगितलं, “मामा, दात नुसता ओढून सरकत नाही. ज्या बाजूला न्यायचा तिकडचं हाड विरघळतं, सोडलेल्या बाजूला नवं हाड भरतं, तेव्हा दात सरकतो. हा उजेड हिरडीवरून मुळापाशी दिला तर ते काम थोडं लवकर होतं, असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. काही ठिकाणी फरक दिसलेलाच नाही. मी खात्री देत नाही. भाजणार नाही, कापणार नाही, गरमसुद्धा लागणार नाही.”

मामांनी हातावर फुंकर मारली. “म्हंजी हलगी शेकतेत तसं. शेकल्याबिगर हलगी बोलत न्हाई.”

मॅडम हसल्या. “तसंच समजा. पण तंबाखू सोडावी लागेल. तंबाखू खाऊन हे सगळं वाया जाईल.”

मामांनी खिशातून पुडी काढली, तिच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि माझ्या टेबलावर ठेवली. “ताई, तुमच्यापाशी राहू द्या.” मी ती त्यांच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. “आरारा,” एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास कधी आला नाही. मी दर गुरुवारी वास घ्यायचे.

हिरड्या बऱ्या व्हायला श्रावण उजाडला. मग तारा लागल्या आणि लेझर सुरू झाला. लेझर देताना खुर्चीतल्या माणसाला, मॅडमना आणि मला, तिघांनाही हिरव्या काचेचे गॉगल लावावे लागतात. मामांनी गॉगल लावला, आरशात बघितलं आणि म्हणाले, “ताई, एक फोटू काढा. मामीला दाखवतो. ती म्हणल, नवरा बँडवाला केला होता, हिरो निघाला.” मी म्हटलं, हिरो आधी तोंड उघडा.

एकेका दाताच्या मुळाशी काही सेकंद कांडी धरायची आणि सेकंद मी मोजायचे. मी मोठ्याने एक, दोन, तीन म्हणायचे. दुसऱ्याच आठवड्यात मामांनी हाताने खूण करून मला थांबवलं आणि तोंडातली कांडी निघाल्यावर म्हणाले, “ताई, तुमची लय बिघडून राह्यलीय. सातानंतर जल्दी करता.” पुढच्या वेळेपासून ते खुर्चीच्या दांडीवर ठेका धरायचे आणि मी त्या ठेक्यावर मोजायचे. मॅडमनी एकदा घड्याळ लावून बघितलं. मामांचा ठेका बरोबर निघाला.

मॅडम बारीक मोजपट्टीने दर वेळी फटी मोजायच्या. मामा त्याच्या आधीच हातावर फुंकून सांगायचे, “उजवीकडली आता गव्हाएवढी राह्यलीय, डावीकडली तांदळाएवढी.” मॅडम मोजायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. आम्ही दोघी चक्रावून जायचो. तीस वर्षं जो माणूस दातांमधून वारं सोडतोय, त्याला मोजपट्टी कशाला लागते!

गावात त्यांनी लाल उजेडाचा इतका डंका पिटला की एका गुरुवारी त्यांच्याबरोबर त्यांची चुलती आली. ऐंशीच्या घरातली म्हातारी. खुर्चीत बसली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत सारून म्हणाली, “ह्याला बी मार गं बाई जरा.” मी कपाळावर हात मारला. मॅडमनी तिला बाहेर चहा पाजला आणि मामांना ताकीद दिली. “बिलकुल न्हाई आणणार,” मामा म्हणाले. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याची कंबर घेऊन आले. त्या दिवशी मात्र मी मामांना असं झापलं की त्यांनी जाताना दोनदा माफी मागितली.

तारेने ओठ सोलून निघायचा. मॅडम तारेवर लावायला मेण द्यायच्या. मामा ते मेण लावून रोज सराव करायचे, पण पूर्ण सूर लावायचे नाहीत. घर पुरतं बांधून झाल्याबिगर दिवा लावू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. दर गुरुवारी मात्र एकच प्रश्न असायचा, “तुळशीच्या लग्नापस्तोर होईल ना?” आणि मॅडम म्हणायच्या, “बघू या मामा. दात ऐकतायत.”

दात खरंच ऐकत होते. ते लेझरमुळे की मामांनी ब्रश, मेण, पथ्य असं सगळं शाळेतल्या हुशार मुलाप्रमाणे पाळलं म्हणून, हे मॅडमनाही सांगता येत नव्हतं. एका माणसावरून काही ठरत नसतं, असं त्या म्हणायच्या. पण दिवाळीच्या आठ दिवस आधीच्या गुरुवारी मॅडमनी मोजपट्टी घातली, आणि ती कुठे शिरेचना. सगळ्या फटी बंद. दात असे एका ओळीत उभे होते की मला माझ्या अक्षराची आठवण झाली.

मी आरसा त्यांच्या हातात दिला. मला केवढा आनंद झाला होता! “बघा मामा, चार महिने म्हणालात ना? घ्या!”

मामांनी आरशात पाहिलं. हातावर फुंकर मारली. पुन्हा मारली. मग पिशवी घेऊन बाहेर जिन्यावर गेले. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. त्यांनी क्लॅरनेट जोडलं, तोंडाला लावलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण सूर लावला.

मला संगीतातलं काही कळत नाही. मला तो आवाज चांगला वाटला. स्वच्छ होता, मोठा होता. खालच्या दुकानातला माणूससुद्धा वर बघायला लागला. पण मामा अर्ध्यात थांबले. पत्ती बदलली, मेण बदललं, पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबले. मग क्लॅरनेट सुटं केलं, एकेक भाग पुसला आणि पिशवीत ठेवला.

“काय झालं मामा?”

“काय न्हाई ताई. दात लई चांगले झाले.” जिना उतरता उतरता थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पर ह्यो आवाज माझा न्हाई.”

पुढच्या गुरुवारी मामा आले नाहीत. दिवाळी असेल, म्हटलं. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आले नाहीत. फोन लागेना. तारा तशाच तोंडात असताना पेशंट गायब झाला तर आम्हाला घोर लागतो. फोन नंबर पुन्हा तपासायला म्हणून मी त्यांचा केसपेपर काढला. वरच माझं सुरेख अक्षर. ‘पुढच्या दातांमधील सर्व फटी बंद करणे.’

मला त्यांचं पहिल्या दिवसाचं सगळं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. ‘मूळची राहू द्या.’ त्यांनी सांगितलं होतं. मी ते खाऊन टाकलं होतं.

आता खरं सांगते. मी गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. कागदावर त्यांची सही होती. दात सुंदर झाले होते. मॅडमनी तर त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो इतर पेशंटना दाखवायला काढून ठेवले होते. मी तो केसपेपर दोनदा फाइलीत घातला आणि दोनदा बाहेर काढला. शेवटी मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. “ताई, वाजवणारा माणूस आहे हे मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “मीसुद्धा विचारलं नाही, मामा, तुम्हाला नेमकं काय हवंय. फट दिसली की बंद करायची, एवढंच मला शिकवलंय.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला. “घेऊन या त्यांना.”

सुट्टीच्या दिवशी मी कुंभार पिंपळगाव गाठलं. कापूस फुटला होता आणि वेचायला माणसं मिळत नव्हती, म्हणून मामा आणि मामी दोघंच रानात होते. मला बांधावर बघून मामांनी ओटीतला कापूस खाली ओतला आणि हात जोडले. हातावर फुंकर मारली नाही. ते मला फार लागलं.

मामी बोलायला माझ्याही वरचढ निघाली. “तुम्हीच का त्या ताई? दात लई देखणे केले तुम्ही. पर दिवाळीपासून घरात आवाज न्हाई. पिशवी खुंटीला टांगलीय ती टांगलीच हाय. दात काय नुसते बघत बसायचे?”

“आगं, पाणी तर दे त्यांला,” मामा म्हणाले.

मी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, “मामा, माझं चुकलं. तुम्ही मूळची फट राहू द्या म्हणाला होता. मी तसं लिहिलंच नाही.”

“मला ठावं हाय की ते.”

“काय?”

“मी सातवी शिकलोय ताई. मी वाचलं तवाच. सई करायच्या आधी.”

“अहो, मग बोलला का नाही?”

मामा खाली बघत बोंडातला कापूस सोलत राहिले. “मला वाटलं, शिकल्या-सवरल्या लोकांत फट ठिवीत नसतील. पुन्यांदा बोललो तर हासाल तुम्ही. वरातीत पोरं हासली, ते लई झालं होतं.”

मी चौदा वर्षांत त्या काउंटरवर किती जणांना गप्प केलं असेल, कोण जाणे. तिथे त्या बांधावर मी पदर तोंडाला लावून रडले. मामीच घाबरली. “आवं, मी काय तुम्हांला बोलले का एवढं?” असं म्हणत तीच माझी समजूत काढायला लागली.

मामा गुरुवारी आले. मॅडमनी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. डॉक्टरने माफी मागितलेली त्यांना सोसवत नव्हती. मग प्रश्न आला, मूळची फट होती केवढी? आमच्याकडचा पहिल्या दिवशीचा दातांचा साचा काही कामाचा नव्हता, कारण तेव्हा फट आधीच वाढलेली होती. जुना फोटो म्हणाल तर मामांनी आयुष्यात एकाही फोटोत तोंड उघडलेलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटलेले.

“मी सांगतो की,” मामा म्हणाले. “वाऱ्यावरून.”

आणि तसंच ठरलं. मॅडमनी बंद केलेली फट पुन्हा उघडायला घेतली. दोन दातांमध्ये एक बारीक स्प्रिंग, त्यांच्या मुळांशी लाल ठिपका, दांडीवर मामांचा ठेका आणि माझी मोजणी. दर गुरुवारी काम झालं की मामा जिन्यावर जाऊन एक सूर लावायचे आणि आत येऊन सांगायचे, “आजून बारीक हाय.” बाहेर बसलेले पेशंटही त्या सुराची वाट बघायला लागले.

पण हाड काही आपल्या घाईने चालत नाही. तुळशीचं लग्न आलं आणि गेलं.

त्यानंतरचा पहिला लग्नाचा मुहूर्त नेमका गुरुवारी होता. मामा खुर्चीत होते, डोळ्यांवर हिरवा गॉगल, तोंड उघडं, मॅडमच्या हातात कांडी. रस्त्यावरून वरात आली. ढोल, ताशे आणि त्यांच्यावर कॅशिओचा चढा आवाज. दांडीवरचा ठेका थांबला. मीही मोजायची थांबले. मामांना बोलता येत नव्हतं, पण बोट उचलून त्यांनी खिडकीकडे दाखवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं. तो त्यांचाच बँड होता.

वरात दवाखान्यापुढून जायला चांगली दहा मिनिटं लागली. गॉगलच्या खालून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं. मी कापसाच्या बोळ्याने ते टिपलं. ते माझं काम होतं आणि ते पाणीही माझ्यामुळेच आलं होतं. मग मामांनी पुन्हा दांडीवर बोट आपटलं. मी पहिल्यापासून मोजायला लागले.

संक्रांतीच्या पुढचा गुरुवार. मामा जिन्यावर गेले, सूर लावला आणि या वेळी थांबले नाहीत. त्या सुरात काहीतरी किंचित फाटलेलं होतं. मुलगी उंबऱ्यावर मागे वळून बघते तेव्हा आई कशी बोलते, गळा भरलेला असतो पण बोलणं चालूच ठेवते, तसलं. बाहेर बसलेली एक बाई उगीच डोळे पुसायला लागली. मग मामा आत आले आणि हातावर फुंकर मारली.

“बस. हितंच.”

मॅडमनी मोजलं. ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. त्यांनी ते माप केसपेपरवर लिहिलं, पुढे माझ्याकडून लिहून घेतलं, ‘मूळची फट ठेवणे’, आणि मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग दात पुन्हा हलू नयेत म्हणून दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवली. फट जपायला तार लावायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. आता मी प्रत्येकाचा केसपेपर सहीआधी वाचून दाखवते. रांग लांबते, लोक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

मामांचं येणं संपलं. पेशंट यायचा थांबला म्हणजे बरा झाला, त्याचं दुःख करायचं नसतं. तरी गुरुवारी सेकंद मोजताना मी सातानंतर घाई करते आणि ते माझं मलाच कळतं.

बँडमधल्या त्या जागेचं काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ते मला उन्हाळ्यात कळलं. तीर्थपुरीला नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. वरातीत बँड होता, कॅशिओ होता, मामा दिसले नाहीत. मला जेवण गेलं नाही. वाटलं, आपण एका ओळीने या माणसाची तीस वर्षांची जागा घालवली.

उन्हं कलली आणि पाठवणीची वेळ झाली. मुलगी आईच्या गळ्यात पडली आणि कॅशिओ अचानक बंद झाला. बँडच्या टेम्पोमागून मामा पुढे आले. तेच धोतर, वर बँडचा लाल कोट. माझ्या शेजारच्या बाईने मला हळूच सांगितलं, “वरातीला कॅशिओ पायजे म्हणतेत पोरं. पर पाठवणीला हाच लागतो. ह्याच्याबिगर लेकीच्या डोळ्याला पाणी येत न्हाई.”

मामांनी हात पालथा केला, फुंकर मारली, डोळे मिटून थांबले आणि वाजवायला लागले. मुलगी रडली, आई रडली, नवऱ्याकडचे लोक रडले. मी तर कोणाचीच कोण नव्हते. तरी सगळ्यांत जास्त मीच रडले असेन.

गाडी गेली. बँडवाले सामान टेम्पोत भरायला लागले. मामांनी मला पाहिलं आणि क्लॅरनेट पुसत पुसत जवळ आले. हसले. तोंड उघडून, पहिल्यांदा. मधली फट दिसली.

“ताई, हात करा. पालथा.”

मी हात पुढे केला. त्यांनी हाताला हात लावला नाही. थोडे वाकले आणि लांबूनच एक फुंकर मारली. माझ्या हातावर दोऱ्याएवढी गार रेघ उमटली.

“बघा,” मामा म्हणाले, “वारं बराबर हाय.”

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मामा मागे चढले, पिशवी मांडीवर घेतली आणि टेम्पो निघून गेला. मी मात्र हात तसाच पुढे धरून मांडवात उभी होते.